मुलांना बल आणि गती शिकवायची तर आधी त्यांचा एक गैरसमज हाताळा

तुम्ही विचारलंय की सुट्टीत गच्चीवर सहावी-सातवीची दहाएक मुलं जमतात, त्यांना बल आणि गती स्वतः करून कळेल असं काय घेता येईल. साहित्य स्वस्त आणि कोल्हापुरातच मिळणारं हवं. मी राजारामपुरीत रविवारी मुलांबरोबर असेच प्रयोग करते, त्यावरून सांगते.

प्रयोगांची मोठी यादी करू नका. बहुतेक मुलांच्या डोक्यात एक पक्की समजूत असते आणि सगळं तिथेच अडतं. ठोकळा ढकलून विचारा, हा का थांबला? उत्तर येतं, "ताई, ढकलायचं सोडलं की थांबतंयच की!" म्हणजे जोर आहे तोवर गती, जोर संपला की गती संपली. यात मुलांचं काही चुकत नाही, त्यांचा रोजचा अनुभवच तसा आहे. ॲरिस्टॉटलचंही जवळपास हेच म्हणणं होतं आणि ते शतकानुशतकं टिकलं. ही समजूत हलली की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून पहिले दोन दिवस यालाच द्या.

एका जुन्या पाटावर दोन खिळे ठोका, त्यांना रबर अडकवा. लाकडी ठोकळा रबराला टेकवून दर वेळी बरोबर पाच सेंटीमीटर मागे ओढायचा आणि सोडायचा. हाताने ढकललं तर प्रत्येकाचा जोर वेगळा पडतो आणि मग भांडणं होतात. रबरामुळे धक्का दर वेळी जवळपास सारखाच बसतो. आधी पुढे गोणपाट अंथरा, मग साधी शहाबादी फरशी, मग पावडर टाकलेला कॅरमबोर्ड. सोडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचाच, तोंडी नको. लिहिलेलं चुकलं की मूल विचारात पडतं, बोललेलं चुकलं तर ते सोयीने विसरतं.

यानंतर छर्रे घ्या. उद्यमनगरात बेअरिंगचं काम करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मुलांसाठी म्हणून मागितले तर जुने छर्रे मिळून जातात. मोठ्या डब्याचं उथळ झाकण पालथं घाला आणि आत छर्रे ठेवा. ते झाकणाच्या काठाच्या उंचीपेक्षा मोठे हवेत, नाहीतर काठच फरशीला घासतो. वर ठोकळा ठेवून तोच पाच सेंटीमीटरचा धक्का द्या. झाकण आणि छर्रे यांचं वजन वाढूनही ठोकळा फरशीवरच्यापेक्षा लांब जातो, हे मुलांना आवर्जून दाखवा. प्रयोग झाला की छर्रे मोजून परत घ्या. एखादा जिन्यावर राहिला तर कुणाचा तरी पाय घसरेल.

शेवटी जुनी सीडी. बाटलीच्या झाकणाला दाभणाने दोन-तीन बारीक भोकं पाडून ते सीडीच्या मधल्या छिद्रावर हवा गळणार नाही असं चिकटवा. हे काम मोठ्यांनी करावं. फुगवलेल्या फुग्याचं तोंड झाकणावर चढवा आणि गुळगुळीत फरशीवर सीडी बोटाने अगदी हलकेच ढकला. फुग्यातली हवा खालून निसटत असते तोवर सीडी आणि फरशी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो आणि सीडी सरळ, जवळपास त्याच वेगाने सरकत राहते. हवा संपली की चटकन अडते. आता विचारा, गोणपाट ते सीडी आपण काय काय कमी करत गेलो? आणि ते पूर्ण शून्य केलं तर? इथे घाई करू नका, उत्तर तुम्ही देऊ नका. "मग थांबणारच नाही" हे वाक्य मुलांकडूनच येऊ द्या. ते आलं की सांगा की न्यूटनने 1687 मध्ये पहिला नियम म्हणून हेच मांडलं, आणि थांबवणाऱ्या बलाला घर्षण म्हणतात. व्याख्या वहीत लिहून घ्यायची ती त्यानंतर.

दुसरा माझा अगदी आवडता प्रयोग त्वरणाचा, म्हणजे वेग कसा बदलत जातो त्याचा. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगची केसिंग पट्टी मिळते, तिचं वरचं झाकण काढलं की गोटीसाठी छान पन्हळ तयार होते. साधारण दोन मीटरची पट्टी घ्या, एका टोकाखाली दोन पुस्तकं ठेवून थोडासाच उतार द्या, म्हणजे गोटीला खाली यायला चार-पाच सेकंद लागतील. आधी दर 48 सेंटीमीटरवर खूण करा आणि गोटी खुणेवरून गेली की सगळ्यांनी टाळी वाजवायची. टाळ्या जवळ जवळ येत जातात, वेग वाढतोय हे कानाला कळतं. मग त्या खुणा पुसून सुरुवातीपासून 12, 48, 108 आणि 192 सेंटीमीटरवर करा. आता टाळ्या भजनातल्यासारख्या एका लयीत पडतात! दोन खुणांमधली अंतरं मुलांना काढायला सांगा: 12, 36, 60, 84. बाराने भागलं की 1, 3, 5, 7. सारख्या वेळात कापलेली अंतरं अशी 1, 3, 5, 7 च्या प्रमाणात वाढत जातात, हा नियम गॅलिलिओचा. त्याच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं, भांड्यातून पडलेलं पाणी तोलून त्याने वेळ मोजला. सातवीच्या मुलाला हा आकड्यांचा क्रम स्वतः सापडतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बाकीचे थोडक्यात. जडत्वासाठी, म्हणजे वस्तू आहे त्याच स्थितीत राहायला बघते हे दाखवायला, कॅरमच्या सोंगट्यांची चळत रचा आणि स्ट्रायकरने फक्त तळची उडवा, वरच्या जागेवरच खाली बसतात. क्रिया-प्रतिक्रियेला दोऱ्यात ओवलेल्या स्ट्रॉवर चिकटवलेला फुगा पुरतो. गुरुत्वाकर्षणासाठी नाणं आणि नाण्यापेक्षा लहान कापलेला कागद आधी वेगवेगळे सोडा, मग कागद नाण्यावर ठेवून सोडा, आणि 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडलं तो व्हिडिओ दाखवा.

तोल शिकवायला तालमीइतकी चांगली जागा नाही. मुलाला टाच आणि पाठ भिंतीला टेकवून उभं करा आणि गुडघे न वाकवता समोरचं नाणं उचलायला सांगा. जमत नाही, कारण एरवी आपण वाकताना मागचा भाग मागे नेतो, तिथे आता भिंत आहे. गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, पावलांच्या पुढे गेला की माणूस पडतोच. मग पैलवान पवित्र्यात पाय फाकवून, वाकून का उभा राहतो, पट काढल्यावर, म्हणजे पाय धरून ओढल्यावर, का कोसळतो, हे मुलंच सांगायला लागतात. जमलं तर त्यांना खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्त्या बघायला न्या.

पन्हाळ्याला बसने सहल काढणार असाल तर प्रत्येकाला पाण्याने काठोकाठ भरलेली, आत एकच छोटा बुडबुडा राहील अशी बाटली द्या. ती बसच्या दिशेने आडवी धरायची. बस सुटताना आपण मागे ढकलले जातो, पण बुडबुडा पुढे पळतो. ब्रेक लागला की तो मागे येतो. कारण पाणी बुडबुड्यापेक्षा कितीतरी जड. बस वेग घेते तेव्हा पाणी मागे राहायला बघतं आणि हलक्या हवेला पुढे सारतं. घाटात बाटली बसच्या रुंदीला आडवी धरायला सांगा. वळणावर बुडबुडा आतल्या बाजूला का जातो, हे मात्र आधी सांगू नका. गडावर पोचेपर्यंत वाद घालू द्या.