ब्लूग्रास मँडोलिन: आधी कोणाचं ऐकायचं?

आजचा मँडोलिनवादक क्रिस थीली ऐकून मँडोलिन घेतलंत आणि ब्लूग्रास शिकायचंय? झकास! पण त्याची नक्कल आत्ताच नको, बोटांआधी उत्साह दमेल.

सुरुवात बिल मनरोपासून करा. अमेरिकेतल्या केंटकीचा हा मँडोलिनवादक. ब्लूग्रास या तिथल्या संगीतशैलीचं नावच त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ बँडवरून पडलं. त्याचे सोलो राहू द्या, गाण्यामागे तो काय करतो ते ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ‘चक्’. हाच चॉप. ब्लूग्रास बँडमध्ये ड्रम सहसा नसतात, ते काम मँडोलिनवाल्याचं. खरी गंमत डाव्या हातात आहे: पिक मारलं की दाब लगेच सैल करायचा, पण बोटं तारांवरच ठेवायची. उचललीत की उघड्या तारा घणघणतात. नवखे हमखास इथेच चुकतात. जी कॉर्डला चार बोटं पोचत नाहीत? जाड बाजूच्या तारांच्या तीन जोड्या पुरेत: सातवा, पाचवा, दुसरा फ्रेट.

मग एकच पारंपरिक फिडल (व्हायोलिन) ट्यून घ्या.

- आधी गुणगुणता आली पाहिजे. टॅबला, म्हणजे फ्रेटचे आकडे लिहिलेल्या कागदाला, चिकटून बसू नका.
- वेग निम्मा करून ऐका.
- मनरोचे ब्लूजचे खटके आणि मँडोलिनवादक बॉबी ऑस्बर्नची फिडलसारखी सलग सुरावट, दोन्ही शेजारी ठेवून ऐका. चार सुरांचा एखादा तुकडा आवडला तर तेवढाच उचला.

आणि वाजवण्याआधी आठही तारा लावा हो! जोडीतली एक जरी उतरली तरी सगळं बेसूर.

मँडोलिनवादक जेसी मॅकरेनॉल्ड्सचं क्रॉसपिकिंग (एकेक सूर वेगवेगळ्या तारांवर आळीपाळीने छेडणं) ऐका जरूर, पण त्याबद्दलचे प्रश्न पुढच्या वर्षी विचारा.