सत्तरीपुढची भूल आणि मॉनिटरवरचा आकडा

ऑपरेशनआधीच्या भूलतपासणीला येणारे घरचे दारातच विचारतात, "भुलीनं आईच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?" इतक्यांदा ऐकलेला प्रश्न आहे, की एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं.

आजी ७८ वर्षांच्या, मोठ्या आतड्यात गाठ, म्हणजे पूर्ण भूल आलीच. पहिल्या दोन भेटींत लेकीचा एकच धोशा होता. "कपाळावर ते बिसचं सेन्सर लावा आणि आकडा ४० ते ६० मध्ये ठेवा. मग आई सुरक्षित, हो ना?"

"ताई, सेन्सर लावणारच. बिस म्हणजे मेंदूच्या तरंगांवरून भुलीची खोली सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितकी भूल खोल. पण तो प्रौढांच्या नोंदींवरून बसवलेला आहे. आईंच्या वयाला तो फसवू शकतो."

त्या गप्प झाल्या. तिसऱ्या भेटीत भुलीखालच्या तरंगांच्या दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या, एक तिशीतल्या माणसाची आणि एक ऐंशीच्या घरातल्या. आजींनी दुसऱ्या पट्टीवर बोट फिरवलं. "ही अशी बारीक?"

"हो आजी. वयानुसार मेंदूचे तरंग बुटके होतात. सेकंदाला ८ ते १२ वेळा येणारे अल्फा तरंग तर फारच उतरतात."

"आणि इथं मधेच रेघ सपाट आहे ती?"

नेमका प्रश्न आजींनीच विचारला! तरंगांचा झटका, मग सपाट रेघ, पुन्हा झटका, म्हणजे भूल गरजेपेक्षा खोल गेलेली. म्हाताऱ्या मेंदूत हे कमी औषधातही होतं. बुटक्या तरंगांमुळे बिसचा आकडा मात्र खऱ्यापेक्षा चढा दिसू शकतो. आकडा ६२ दिसला म्हणून कुणी औषध वाढवलं, तर रेघ सपाट होऊ लागते. म्हणून आकड्याशेजारची तरंगांची मूळ, कच्ची रेघ वाचणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. कपाळाचे स्नायू ताणले किंवा केटामीन हे भुलीचं औषध दिलं तरी आकडा चढतो, तेही त्या रेघेवरून ताडता येतं.

औषधाचं गणितही वयानं बदलतं. चाळिशीनंतर दर दहा वर्षांमागे भुलीच्या वायूची गरज साधारण ६ टक्क्यांनी घटते. चाळिशीत सेवोफ्लुरेन या वायूचं प्रमाण १.८ टक्के धरलं, तर ऐंशीला १.४ च्या आसपास. शिरेतून द्यायचं भुलीचं औषध प्रोपोफॉल तरुणाला किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम, आजींना १ ते १.५, तेही सावकाश, कारण रक्ताभिसरण मंद असतं आणि परिणाम उशिरा दिसतो. घाईनं दिलेला दुसरा डोस रक्तदाब पाडतो. (तान्ह्यांचं उलट टोक: साधारण चौथ्या महिन्याआधी भुलीखाली अल्फा तरंग दिसतच नाहीत, तिथंही मोठ्यांचा आकडा लावू नये.)

"म्हणजे रेघ पाहिली की आई बरळणार नाही?"

तसं वचन देता येत नाही. अमेरिकेतल्या एन्गेजेस चाचणीत (२०१९) साठीपुढच्या १,२३२ रुग्णांत तरंग पाहून भूल दिल्यानं ऑपरेशननंतरचा भ्रम कमी झाला नाही. बॅलन्स्ड चाचणीच्या उपअभ्यासात (२०२१) मात्र बिस ५० च्या आसपास ठेवलेल्यांत तो १९ टक्के आणि ३५ च्या आसपास ठेवलेल्यांत २८ टक्के निघाला. रेघ सांभाळायचीच, पण भ्रमाला झोप मोडणं, दुखणं आणि झोपेच्या गोळ्याही कारण होतात.

आजी लेकीकडे वळल्या. "चष्मा आणि कानातलं मशीन तुझ्याजवळ ठेव. डोळे उघडायच्या आत लावायचं. माणसं दिसली नाहीत की माझं डोकं भरकटतं."

ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं. झोपेची गोळी नको, हे त्याच्या खाली.