‘रात्रीस खेळ चाले’ कुठून सुरू करावी?

प्रश्न : ‘रात्रीस खेळ चाले’ या झी मराठीवरच्या भयमालिकेची तीन पर्वं आहेत. कथेच्या क्रमाने बघू की प्रसारणाच्या? आणि मालवणी कळत नाही, त्याचं काय?

उत्तर : प्रसारणाच्या क्रमानेच बघा : २०१६, २०१९, २०२१. कथा काळाप्रमाणे लावली तर दुसरं पर्व आधी येतं, कारण त्यात घरातले कर्ते अण्णा नाईक हयात आहेत. पण पहिलं पर्व उघडतंच मुळी अण्णांच्या मृत्यूने. गोतावळा वाड्यावर जमतो नि सुषमा कोण, हे कोडं पडतं. दुसरं आधी पाहिलंत, तर शेवंता आणि अण्णांचं प्रकरण कळून त्या कोड्यातली हवाच जाते. तिसरं मात्र सवडीने बघा. भुताटकी उघड दिसू लागली की आमच्या मते भीती पातळ होते.

मालवणीसाठी पाच-सहा शब्द पुरतात : माका म्हणजे मला, तुका तुला, खय कुठे, झील मुलगा, चेडू मुलगी. नाईकांचा गडी पांडू याचं ‘इसारलंय’ म्हणजे ‘विसरलो’. हा पांडू रंगवणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. बाकी बोली कानावर पडत गेली की आठवडाभरात रुळते.