टिल्ट टेस्टमध्ये हृदय ७ सेकंद थांबलं, पेसमेकर बसवायचा का?

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी रक्त काढताना दोनदा बेशुद्ध पडली. ईसीजी आणि इको नॉर्मल आहेत, पण टिल्ट टेस्टमध्ये (टेबलावर झोपवून टेबल उभं करतात ती तपासणी) तिचं हृदय ७ सेकंद थांबलं. हा ठोक्यांचा आजार आहे का? पेसमेकर लागेल का?

उत्तर : ७ सेकंद ऐकून धसका बसणं साहजिक आहे. पण हृदय का थांबलं, ते आधी पाहायचं. सुई, रक्त, वेदना किंवा बराच वेळ उभं राहणं यामुळे व्हेगस नर्व्ह (ठोके मंदावणारी नस) एकदम जोर धरते. ठोके मंदावतात, कधी काही सेकंद बंदच पडतात. त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावून बीपी कोसळतं. ठोके देणारी यंत्रणा मात्र धडधाकट असते. म्हणूनच या वयात पेसमेकर सहसा बसवत नाहीत. तो ठोके देईल, सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळणार नाही. चाळिशीनंतर, पूर्वसूचना न मिळता वारंवार पडून मार लागत असेल आणि असा खंड नोंदला गेला असेल, तर त्याचा विचार होतो.

ठोक्यांच्या आजारात मळमळ, घाम, अंधारी अशी सूचना बहुधा मिळत नाही. धावताना किंवा आडवं असतानाही शुद्ध जाते, कधी आधी धडधड होते. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सगळ्यात फसवा आजार लाँग क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विजेची यंत्रणा पूर्ववत व्हायला जास्त वेळ घेते तो. गजराने दचकून किंवा पोहताना बेशुद्ध पडणाऱ्या मुलांना घाबरट ठरवून सोडून दिलं जातं, हे फार धोक्याचं आहे. तेव्हा ईसीजीतला क्यूटी (हा वेळ दाखवणारं अंतर) डॉक्टरांनी स्वतः मोजला आहे ना, एवढं विचारून घ्या. महिन्या-दोन महिन्यांनी येणारी चक्कर २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीमध्ये) सापडेल, अशी आशा धरू नका.

पुढच्या वेळी रक्त आडवं झोपवूनच काढायला सांगा. अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी द्या. सुई टोचायच्या आधीपासून तिने मांड्या, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ १० ते १५ सेकंद घट्ट आवळावी, २० ते ३० सेकंद सैल सोडावी, असं पाच वेळा करावं. तरीही शुद्ध गेलीच, तर आडवंच ठेवून पाय उचलून धरा. उठवून बसवलं तर मेंदूला रक्त पोचत नाही, हातपाय झटकले जातात आणि मग फिट समजून भलतेच उपचार सुरू होतात.