रुपयातले आठ आणे बरं वाटतंय!

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कंबर-गुडघेदुखीचे जुने रुग्ण रोजच येतात. त्यांच्यावरचे उपचार नीट चाललेत का, हे कशावरून ठरवावं? सध्या ओपीडीचा आकडा आणि वाटलेल्या गोळ्या एवढंच वर कळवतो.
– वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा

उत्तर : गोळ्यांच्या आकड्यावरून साठा कळतो, रुग्ण नाही. दुखणं 3 महिन्यांहून जुनं असेल, तर केसपेपरवर तीन आकडे लिहा : गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, त्यापायी जगण्यातला आनंद किती गेला, कामात किती अडलं. प्रत्येकाला 0 ते 10 गुण, मग तिन्हींची सरासरी. ही पेग मोजपट्टी; दोन मिनिटांचं काम. पहिल्यांदा 7, 6, 8 म्हणजे सरासरी 7. पुढे ती 4.9 किंवा खाली आली, म्हणजे 30 टक्के उतरली, तर फरक खरा.

आकडा सुचत नसेल तर दहा बोटं दाखवा. ‘रुपयातले आठ आणे बरं वाटतंय’ म्हटलं की लगेच 5 लिहू नका. तो आराम झाला. गुण आजच्या दुखण्याचे हवेत.

दर तिमाहीला रजिस्टरमधला दर दहावा, असे 30 केसपेपर काढा. हाताला लागतील ते नकोत. त्यांत पाहा : ताप, वजनातली घट, पायातली ताकद, लघवी-शौचावरचा ताबा विचारलाय का? डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी नेहमी चालू असेल तर बीपी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नोंदलंय का? व्यायाम करून दाखवला, की नुसता ‘करा’ म्हणून सांगितला?

खरी गोची ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास टोळ्या गेल्या की फेरतपासणी बुडते. समजा 30 पैकी 9 सुधारले, 9 जैसे थे, 12 आलेच नाहीत. आलेल्यांतच मोजलं तर यश 50 टक्के, सगळ्यांत मोजलं तर 30. दोन्ही लिहा, ‘आले नाहीत’चा रकाना वेगळा ठेवा. फडावर असलेल्यांना फोनवरून हेच तीन प्रश्न विचारता येतात. मात्र घरी बसल्या दिवसांतले गुण आणि मोळ्या वाहतानाचे गुण एकमेकांशी ताडू नका.

प्रश्न : रुग्ण खूश असले की झालं, असं धरावं का?
– समुदाय आरोग्य अधिकारी, हिंगोली

उत्तर : नाही. सुई टोचली की रुग्ण खूश होऊनच जातो. काही तासांनी दुखणं परत हजर. समाधान विचाराच, पण ‘पुन्हा दुखलं तर घरी काय करायचं, हे सांगितलं का?’ असं विचारा. आणि जुन्या दुखण्यातल्या किती जणांना सुई दिली, तेही त्याच तक्त्यात मांडा.