पातळ बॉडीची गिटार घेतली तर एफ कॉर्ड लागेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: राहायला देवगडजवळ, उंची पाच फुटांच्या आसपास, हातात यामाहा एफ३१०. अर्धा तास वाजवलं की उजवा खांदा भरून येतो आणि वर्ष झालं तरी एफ कॉर्ड (पहिल्या फ्रेटवर एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून, म्हणजे बार धरून वाजवायची) स्वच्छ वाजत नाही. म्हणून पातळ बॉडीची, शॉर्ट स्केलची (तारांची वाजती लांबी कमी असलेली) नवी गिटार घ्यावी का, असं विचारता आहात.

खांद्यासाठी पातळ बॉडी घ्या. एफशी तिचा काही संबंध नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो आहे. मी वेंगुर्ल्याचा. चार वर्षांपूर्वी खांदा आखडला तेव्हा एका दुकानात पातळ बॉडीची गिटार पाहिली. दुकानदार म्हणाला, "हाताला एकदम हलकी जाते." हाताला म्हणजे कुठल्या हाताला, हे मी विचारलं नाही. घरी आलो, खांदा खरंच सुटला, पण एफ जिथं अडत होता तिथंच अडला. मग शिवणकामाची टेप घेऊन नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) मोजलं आणि दुप्पट केलं, म्हणजे स्केल लेंथ मिळते. जुन्या गिटारचं आलं तेवढंच! आमची आत्या तर गिटारची कड बघून म्हणाली, "अर्धीच दिली काय रे त्यांनी?"

बॉडीची जाडी उजव्या हाताचा प्रश्न सोडवते, स्केल लेंथ डाव्या हाताचा. तुमच्या एफ३१०ची बॉडी ९६ ते ११६ मिमी जाड आहे, यामाहाच्याच एपीएक्स६००ची ८० ते ९०. म्हणजे मागच्या बाजूला इंचभर कमी, आणि कोपराखाली तो इंच फार जाणवतो. पण स्केल दोन्हींचं ६३४ मिमीच. उलट टेलरच्या जीएस मिनीचं स्केल २३.५ इंच, म्हणजे ५९७ मिमी, पण पोट चांगलंच जाड. त्यामुळे नुसती 'छोटी' किंवा 'स्लिम' मागू नका. दोन्ही आकडे विचारा.

स्केल कमी झालं की दोन गोष्टी होतात. फ्रेट जवळ येतात आणि त्याच तारा त्याच सुरात सैल राहतात. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ६३४ वरून ६०० वर आलात की तो साधारण १० टक्क्यांनी उतरतो, ५८० वर साधारण १६ टक्क्यांनी. पहिल्या चार फ्रेटचं अंतर ६३४ ला १३१ मिमी असतं, ६०० ला १२४. ऐकायला सात मिलिमीटर काहीच नाहीत, पण करंगळीला विचारा.

हे सगळं एक पैसा न खर्चता घरी करून बघता येतं. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. आता तुमच्या हातात जवळपास ५९८ मिमी स्केलची गिटार आहे, ताणासकट. आठवडाभर तशीच वाजवा.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासा. कापो काढून, नेहमीच्या सुरात, एफचाच आकार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर धरून बघा. तिथं तो खूपच सोपा वाटला तर दोष स्केलचा नाही, नटचा आहे. नटच्या खाचा उथळ राहिल्या की पहिल्या फ्रेटवर तार उंच राहते आणि तिथला बार जिवावर येतो. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारींत हे नेहमीचं आहे. चांगला कारागीर अर्ध्या तासात खाचा नीट करून देतो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास फट असली म्हणजे अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) ठीक. तुमची चार निघाली तर नव्या गिटारचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तारा बाराच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाड) असतील तर अकराच्या किंवा दहाच्या लावून बघा, तोही मोठा फरक आहे.

एवढं करूनही नवी हवी असेल तर: पातळ आणि आखूड दोन्ही हवं असल्यास यामाहाची एपीएक्सटी२, स्केल ५८० मिमी. हाताला मस्त, पण आवाज खोक्यातून आल्यासारखा. बॉडीत हवाच कमी, त्यामुळे खर्ज उतरतोच, त्याला इलाज नाही. आमच्या भजनात पखवाज आणि झांजा सुरू झाल्या की पातळ गिटार नुसती दिसते. पिकअप (तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवणारं यंत्र) लावून स्पीकरवर घेतली तरच उपयोग. घरात एकट्याने वाजवणार असाल तर मी यामाहाचीच सीएसएफ१एम घेईन. स्केल ६००, बॉडी छोटी आणि कमरेत बारीक, वरची पाटी सॉलिड, म्हणजे एकसंध स्प्रूस लाकडाची. ती पातळ गिटारीत मोडत नाही, पण आकारच लहान असल्याने खांदा वर उचलावा लागत नाही.

आता आपल्या हवेचं, कारण इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक कोरड्या देशांतले असतात. ते सांगतात गिटारला ओलावा द्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलावा काढायचा कुठून हा प्रश्न. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, पावसात आपल्या घरात ती ८०च्या वर सहज जाते. वरची पाटी फुगते, ब्रिज (पाटीवर तारा जिथं अडकवतात तो तुकडा) उचलला जातो, अ‍ॅक्शन वाढते. सॉलिड टॉपला हे जास्त, प्लायला कमी. म्हणून ऑगस्टमध्ये अ‍ॅक्शन वाढली म्हणून सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून घेऊ नका. मी घेतलं होतं. जानेवारीत पाटी बसली आणि तारा फ्रेटवर वाजायला लागल्या, नवीन सॅडल घालावं लागलं.

खरेदी दिवाळीनंतर करा. कोल्हापुराहून आणा, मुंबईहून आणा किंवा पणजीहून, आणल्या आणल्या सेटअप करू नका. दोन-तीन आठवडे आपल्या हवेत राहू द्या, मगच कारागिराकडे न्या. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून परत वापरा. पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात छोटा बल्ब लावतात तिथं गिटार ठेवायची असेल तर बल्बपासून लांब, ऊब लागून डिंक सुटतो. तारा कोटेड घ्या. साध्या तारा समुद्राजवळ तीन आठवड्यांत काळ्या पडतात. पिकअपची गिटार असेल तर वाजवत नसताना बॅटरी काढून ठेवा, माझ्या गिटारच्या बॅटरीच्या खणात एका पावसात हिरवं जमलं होतं.

कापोचा प्रयोग करून बघा आणि बाराव्या फ्रेटवरची फट किती निघाली ते इथं कळवा. त्या आकड्यावरून पुढचं सांगता येईल.