उभ्या गाडीत बॅटरी उतरते, आणि गॅरेजवाला गाडी सोडत नाही

प्रश्न : वडिलांची १९७३ची फियाट आहे. ते गेल्या वर्षी गेले, आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. पुण्यातल्या एका गॅरेजने आधी नवी बॅटरी घातली, मग मला न विचारता मूळ डायनॅमो (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) काढून त्याच कामाचा नव्या प्रकारचा अल्टरनेटर बसवला. तरी तक्रार तशीच. १४,००० रुपये दिले आहेत. आणखी १७,००० दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही, म्हणतात. बिल म्हणून साधी चिठ्ठी दिली आहे. मी साताऱ्यात राहते. काय करू?

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर ही केस उभी राहील. तुम्ही लिहिलं आहे की लांबचा फेरा मारून आल्यावर गाडी बंद केली आणि लगेच पुन्हा चालू केली, तर एका झटक्यात चालू व्हायची. हेच तुम्ही गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज होत होती आणि उभ्या गाडीत उतरत होती. असं असताना आधी कुठेतरी करंट गळतोय का ते बघायचं असतं. डायनॅमोवर हात टाकायची वेळ त्यानंतर येते.

गॅरेजवाला यावर काय म्हणेल, तेही सांगते. या जुन्या गाड्यांत कटआउटचे, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधल्या आपोआप उघडझाप होणाऱ्या स्विचचे पॉइंट चिकटले, तर बॅटरी उलटी डायनॅमोतूनच उतरते. त्यामुळे त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता. पण मग कटआउट तपासायचा, आणि तुम्हाला विचारायचं. शिवाय डायनॅमो निघाल्यावरही बॅटरी उतरतेच आहे, तेव्हा दोष त्यात नव्हता हे त्याच्याच कामाने दाखवून दिलं आहे.

म्हणून गॅरेजला नोटीस पाठवायच्या आधी पुरावा. दुसऱ्या एखाद्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घेऊन गॅरेजात जा. सगळी बटणं बंद असताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मधे मल्टिमीटर लावायचा आणि किती करंट वाहतोय ते बघायचं. घड्याळ किंवा टेप जोडलेला नसेल, तर या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. मग एकेक फ्यूज काढत जायचं, आणि अल्टरनेटरची तार सोडूनही एकदा मोजायचं, कारण नव्या अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका असू शकतो. शेवटी तार परत जोडून इंजिन चालू करा आणि बॅटरीचं व्होल्टेज बघा. इंजिनाचा वेग वाढवल्यावर ते साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान यायला हवं. सगळे आकडे तारीख घालून त्या इलेक्ट्रिशियनच्या सहीने लिहून घ्या, मीटरचे फोटो काढा. दोष सापडला तरी त्या दिवशी दुरुस्त करू नका. दुरुस्त केलात, तर दाखवायला काही उरणार नाही. गॅरेजवाल्याने आत येऊ दिलं नाही, तर तेही लेखी कळवून ठेवा. तज्ज्ञाकडून तपासणीची विनंती पुढे ग्राहक आयोगाला करता येते.

आता गाडी अडवून ठेवण्याबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १७०नुसार कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे, हे नाकारू नका. पण तो हक्क ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे केल्यावर मिळतो, आणि त्याच कामाच्या मजुरीपुरता असतो. न सांगितलेल्या अल्टरनेटरपोटी तो गाडी अडवू शकत नाही, असंच आपण मांडायचं.

आरसी तुमच्या नावावर नाही म्हणून तो अडून बसला, तर त्याला याच कायद्याचं कलम १६६ दाखवा. ज्याने गाडी सोपवली त्यालाच ती प्रामाणिकपणे परत दिली, तर गॅरेजवर जबाबदारी येत नाही. पण वारसाच्या नावे हस्तांतर तुम्ही लगेच करून घ्या. फॉर्म ३१ची मुदत मृत्यूनंतर तीन महिन्यांची असते, ती केव्हाच उलटली आहे. यामुळे ग्राहक म्हणून तुमचा हक्क मात्र कमी होत नाही. काम तुम्ही सांगितलं आणि पैसे तुम्ही दिलेत.

पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. गाडी, मूळ डायनॅमो, कटआउट आणि रीतसर बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. दाद लागली नाही, तर तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. नव्या कायद्याने तक्रारदाराला राहत्या ठिकाणी दाद मागता येते, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. दोन वर्षांची मुदत आहे, एवढ्या रकमेला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. सोबतच याच ग्राहक कायद्याच्या कलम ३८(८)खाली गाडी ताब्यात मिळण्यासाठी अंतरिम अर्ज द्या. गाडीची फारच निकड असेल, तर ‘हरकत नोंदवून देत आहे’ असं लिहून रक्कम भरा आणि गाडी सोडवून आणा. गॅरेजवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप केलेला फोन मात्र विकू नका, त्यातले संदेश मूळ स्वरूपात हवेत.

डायनॅमोविषयी तुम्ही फार हळहळून लिहिलं आहे, आणि ते मला पटतं. तुमच्या गाडीला पन्नास वर्षं झाली आहेत, तेव्हा केंद्राच्या २०२१च्या मोटार वाहन नियमांनुसार व्हिंटेज, म्हणजे जुन्या जपलेल्या गाड्यांच्या खास नोंदणीचा विचार होऊ शकतो. मात्र त्या नियमांचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांवर आहे. अल्टरनेटरमुळे नोंदणी हुकली असं नोटिशीत लिहू नका, ते टिकणार नाही. डायनॅमो तुमच्या मालकीचा आहे, एवढं पुरेसं आहे. तो भंगारात विकल्याचं कळलं, तर फौजदारी विश्वासघाताचा मुद्दा येईल. पण पोलिसात जायची घाई नको, आधी लेखी उत्तर येऊ द्या.

आणखी एक गोष्ट आजच करा. गाडी गॅरेजात आहे तोवर बॅटरीची एक तार काढून ठेवा आणि बॅटरी चार्ज करून ठेवा, असा संदेश त्याला पाठवा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर आतल्या प्लेटा खराब होतात आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते. ताब्यातली वस्तू नीट सांभाळणं करार कायद्याच्या कलम १५१प्रमाणे त्याच्यावर बंधनकारक आहे.